अठरा ते पंचवीस: या वयाला निवारा कोण देणार?

आपल्या वस्तीत लहान मूल दिसेनासे झाले की दहा मिनिटांत सगळी गल्ली जागी होते. कुणी स्टेशनकडे धावते, कुणी पोलीस चौकी गाठते, कुणी माइकवरून नाव पुकारते. एखादे म्हातारे माणूस घराबाहेर ओट्यावर झोपायला लागले तर चार लोक त्याच्या मुलाला जाब विचारतात. पण वीस वर्षांचा पोरगा चार रात्री घरी आला नाही तर आपण म्हणतो, "असेल कुठे मित्राकडे. हातीपायी धड आहे, येईल." आणि एकवीस वर्षांची मुलगी आली नाही तर तिची चौकशी करण्याऐवजी आपण तिच्याबद्दल कुजबुजतो.

अठरा ते पंचवीस या वयात छप्पर जाणे ही आरोग्याची आणीबाणी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ताप आला, रक्त वाहू लागले की जशी आपण धावपळ करतो, तशीच धावपळ पोरगा किंवा पोरगी बाहेर झोपू लागल्यावर व्हायला हवी, आणि तीही पहिल्या दोन-तीन रात्रींतच. तो हातीपायी धड आहे म्हणून थांबायचे नसते. धड आहे तोवरच त्याला वाचवणे सोपे असते. अनेक वर्षे रुग्णालयात ड्यूटी केल्यावर आणि आता वस्त्यांमध्ये फिरताना मला हे पुन्हा पुन्हा दिसले आहे.

बेघर कुणाला म्हणायचे?

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभरातील बेघरांची मोजणी झाली. फुटपाथ, पुलाखालची जागा, रेल्वे फलाट, देवळाचे आवार, मोठे पाइप अशा ठिकाणी झोपलेली माणसे त्या रात्री मोजली गेली. देशात असे १७ लाख ७० हजारांहून अधिक लोक निघाले. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या वर आणि एकट्या मुंबईत सुमारे ५७ हजार.

या आकड्यात तरुण पोरे किती सापडली असतील, याबद्दल मला शंका आहे. तरुण माणूस थेट फुटपाथवर जात नाही. आधी एका मित्राच्या खोलीवर दोन रात्री, मग दुसऱ्याकडे. नंतर गॅरेजच्या माळ्यावर, कॅटरिंगवाल्याच्या गोदामात, उभ्या रिक्षात, रुग्णालयाच्या व्हरांड्यात नातेवाईक असल्याचे भासवून. मुली तर फलाटावर झोपतच नाहीत, शेवटच्या लोकलपासून पहिल्या लोकलपर्यंत जागून काढतात. मोजणीदाराच्या कागदावर यांची नोंद कशी होणार? तरीही या साऱ्यांना घर नाही, हे खरेच आहे.

आणि ही पोरे कुठून येतात? बहुतेकदा आपल्यासारख्याच घरांतून. झोपडी तुटली आणि कुटुंब तीन नातेवाइकांकडे तीन तुकड्यांत विभागले. बाप दारू पिऊन मारतो. आई गेली, नवी आई आली. प्रेम दुसऱ्या जातीत केले. मुलगा म्हणून वाढवलेल्या लेकराने आपण मुलगी आहोत असे सांगितले. कुणी गावाकडून भरतीच्या तयारीला आला आणि पैसे संपले. एक कारण मात्र फार कमी लोकांच्या ध्यानात येते. हॉटेल, वॉचमनगिरी, गॅरेज, कारखाना अशा कामांत झोपायची जागा नोकरीसोबतच मिळते. मालकाने दुपारी कामावरून काढले की त्याच रात्री अंथरूणही जाते. एका दिवसात पगार आणि छप्पर दोन्ही बंद.

रस्त्यावर शरीराचे काय होते?

पहिली जाते ती झोप. सामान चोरीला जाईल, कुणी अंगाला हात लावेल, पोलीस उठवतील या भीतीने माणूस सलग दोन तासही झोपत नाही. चार-पाच रात्री असे झाले की हात थरथरतात, चिडचिड होते, विचार सरळ चालत नाही. मालकाशी भांडण, रस्ता ओलांडताना अपघात, हे याच दिवसांत घडते. मग कुणीतरी सांगतो, बटन घे, झोप लागेल. व्हाइटनर हुंग, भूक मरेल. पोरगे नशा करते म्हणून रस्त्यावर आले, असे आपण म्हणतो. पुष्कळदा रस्त्यावर आल्यावर नशा लागलेली असते.

त्यानंतर येतात कातडीचे आणि पायांचे आजार. अंघोळ नाही, कपडे बदलायला नाहीत, म्हणून खरूज आणि गळवे. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालल्याने लेप्टोचा धोका, डासांमुळे मलेरिया आणि डेंग्यू. उंदीर आणि कुत्र्याचे चावे. अंगात पोषण नाही आणि कोंदट जागेत पाच जणांसोबत झोपायचे, म्हणजे टीबीला दार उघडेच. टीबीचे उपचार किमान सहा महिने चालतात. सरकार रुग्णाला पोषणासाठी पैसे देते, नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम महिना १,००० रुपये झाली आहे. पण ती बँक खात्यात जमा होते. ज्याचे कागद पुलाखाली भिजून गेले, त्याचे खाते कोण उघडणार? आणि ज्याचा पत्ता दर आठवड्याला बदलतो, त्याची गोळी चुकली हे कळणार कुणाला?

मुलींचे हाल याहून वेगळे. संडासाला जावे लागू नये म्हणून त्या पाणी पीत नाहीत, मग लघवीला जळजळ आणि ताप. पाळीत कापड बदलायला आडोसा नाही. आणि "माझ्याकडे झोप" म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मनात काय आहे, ते आधी ओळखता येत नाही. छपराच्या बदल्यात शरीर मागणारे लोक शहरात आहेत. मुलग्यांकडेही मागतात. मुलगे ते कधीच बोलून दाखवत नाहीत.

माझ्या नोकरीच्या काळातले एक उदाहरण देते. एकोणीस वर्षांचा मुलगा, लग्नाच्या हॉलमध्ये भांडी उचलायचे काम. पायाला काच लागून जखम चिघळली होती. एका सरकारी रुग्णालयात आम्ही जखम साफ केली, इंजेक्शने दिली, चार दिवसांनी डिस्चार्ज झाला. कागदावर सूचना होत्या: पाय वर ठेवून विश्रांती, जखम कोरडी ठेवणे, रोज ड्रेसिंग, गोळ्या दोन वेळा जेवणानंतर. त्याने मला विचारले, "सिस्टर, जेवणानंतर म्हणजे कधी?" तो स्टेशनबाहेर झोपत होता. तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला तेव्हा अंगठा काळा पडला होता आणि कापावा लागला. औषधे बरोबर होती. त्यांना लागू पडायला एक कोरडी खाट हवी होती आणि ती कुणाच्याच यादीत नव्हती. म्हणून मी निवाऱ्याला औषधच मानते.

कायदा आहे, खाट नाही

निवारा म्हणजे कुणी केलेली दया, असा समज आपणही करून घेतला आहे. २०१० मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांमध्ये दर एक लाख लोकसंख्येमागे एक, बारा महिने चोवीस तास चालणारा निवारा हवा, अशी दिशा दिली. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची वेगळी योजना आली. तिच्या नियमांत लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास, अंथरूण, सामानाला लॉकर, स्वयंपाकाची सोय आहे. तिथे राहणाऱ्यांना ओळखपत्र, रेशन, बँक खाते मिळवून द्यायचे, हेही लिहिले आहे.

आता हिशेब करा. मुंबईची लोकसंख्या २०११ मध्येच १ कोटी २४ लाख होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्ष संख्या त्याच्या जवळपासही पोचलेली नाही. जे निवारे आहेत ते लहान मुलांचे, पुरुषांचे, महिलांचे किंवा कुटुंबांचे. योजनेत एकट्या स्त्रिया, वृद्ध, अपंग, मानसिक आजारी अशांसाठी वेगळ्या सोयीचा विचार आहे. नुकत्याच अठरा ओलांडलेल्यांचा वेगळा विचार नाही.

एकोणीस वर्षांचा मुलगा चाळीस-पन्नास वर्षांच्या अनोळखी, काही दारू प्यालेल्या पुरुषांमध्ये झोपायला घाबरतो. तो एक रात्र काढतो आणि पुन्हा येत नाही. बाकीचे म्हणतात, "निवारा आहे, पण यांनाच नको." शिवाय या वयातली बरीच पोरे रात्रपाळीची कामे करतात: डिलिव्हरी, कॅटरिंग, सिक्युरिटी. त्यांना झोप दिवसा हवी असते. सकाळी सगळ्यांना बाहेर काढणारा निवारा त्यांच्या काय कामाचा?

निवाऱ्याऐवजी या पोरांच्या वाट्याला कधी पोलिसी कारवाई येते. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात आहे. उदरनिर्वाहाचे साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी भटकतो, अशा माणसालाही त्या कायद्याच्या व्याख्येत भिकारी ठरवता येते. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत डांबण्याची तरतूद आहे. काम गेलेल्या पोराला खाट द्यायला यंत्रणा नाही, पकडायला मात्र आहे.

अठरावा वाढदिवस

बालगृहात वाढलेल्या मुलांचा तर मुद्दाम विचार करायला हवा. अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृह सोडावे लागते. आपल्या घरातल्या पोराला अठराव्या वर्षी आपण काय देतो? बारावीची फी देतो, रागावतो, रात्री उशिरा आला तर ताट झाकून ठेवतो. या मुलांना मिळते एक पिशवी आणि काही कागद.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात अशा मुलांसाठी अनुरक्षणाची तरतूद आहे. अठरा ते एकवीस वर्षे, आणि अपवाद म्हणून तेवीसपर्यंत, राहण्याची, शिक्षणाची, कामाची मदत मिळू शकते. मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपये धरलेले आहेत. राज्यात अनुरक्षण गृहेही आहेत. २०१८ पासून अनाथांना १ टक्का आरक्षण आहे. पण हे मिळवायला अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करायचा असतो हे सांगणारे माणूस लागते. तुमच्या ओळखीत बालगृहातून बाहेर पडलेला कुणी असेल, तर त्याला जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात घेऊन जा. एकट्याला पाठवू नका, सोबत जा.

जागा असूनही दार बंद

१९१७ मध्ये सव्वीस वर्षांचे डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा कुणी दिली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तिथून घालवले. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही टाळले. शेवटी कामाठी बागेत तास काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. आपल्या घराघरात हा प्रसंग माहीत आहे. त्याकडे आरोग्यसेविकेच्या नजरेने पाहिले तर दिसतो एक तरुण, ज्याच्याजवळ पदवी आहे, नोकरी आहे, आणि आज रात्री झोपायला जागा नाही. त्या दिवशी बडोद्यात जात न विचारणारी एक खोली असती तर?

आजही आडनाव ऐकून खोली नाकारली जाते. "फक्त शाकाहारी", "फक्त फॅमिली" अशा पाट्यांचा अर्थ आपल्या पोरांना समजतो. वर डिपॉझिट आणि दलाली. शिकणाऱ्या मुलांसाठी समाजकल्याणची वसतिगृहे आहेत. तिथे प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. वेळेवर अर्ज झाला तर एखादे पोर रस्त्यावर येण्यापासून वाचते. ही रक्कम उशिरा आली की खोलीचे भाडे थकते, म्हणून ती दर महिन्याला मिळावी, ही मागणीही आरोग्याचीच आहे.

जातीबाहेर लग्न करणाऱ्या जोडप्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात सांगितले की राज्यांनी प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित घरे उभारण्याचा विचार करावा. नाममात्र शुल्कात एक महिना आणि गरजेप्रमाणे वाढवत जास्तीत जास्त एक वर्ष. आपल्या पोरांना याची सर्वाधिक गरज पडते. आपल्या जिल्ह्यात ते घर कुठे आहे, हे आपण विचारले आहे का?

दोन आक्षेप

बैठकीत हा विषय काढला की पहिला आक्षेप येतो: निवारा दिला तर पोरे घर सोडायला शिकतील. मला वाटते, घर सोडून फुटपाथ पत्करणारा माणूस सोयीसाठी जात नाही. सुरक्षित जागा आणि शांतपणे बोलणारे माणूस भेटले, तर पुष्कळ जण घरच्यांशी पुन्हा बोलू लागतात. काहींसाठी घरच धोक्याचे असते, त्यांना परत पाठवणे म्हणजे मार खायला पाठवणे. कोण कुठल्या प्रकारात आहे हे ठरवायला आधी रात्र सुरक्षित जायला हवी.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: "ताई, आमच्याच दहा बाय दहाच्या खोलीत सात जण झोपतो, दुसऱ्याला कुठे ठेवू?" बरोबर आहे. म्हणूनच हे ओझे एकेका घरावर टाकता येणार नाही. आपण एक-दोन रात्री सांभाळू शकतो. पुढची जबाबदारी महापालिकेची आणि सरकारची आहे आणि ती त्यांच्याकडून करून घेणे आपले काम आहे.

काय मागायचे?

प्रत्येक वॉर्डात अठरा ते पंचवीस वयासाठी राखीव खाटा. मुलींसाठी वेगळी, सुरक्षित जागा. तृतीयपंथी तरुणांना अपमान न करता प्रवेश. त्यांच्यासाठी केंद्राची गरिमा गृह योजना आहे, पण अशी गृहे फार थोडी आहेत. निवारा दिवसाही उघडा. पहिल्या रात्री आधार कार्डाची अट नको, कागद नंतर निवाऱ्यानेच काढून द्यावेत. तिथे एक प्रशिक्षित कार्यकर्ता, जो दवाखाना, काम, बँक, समुपदेशन यांची जोडणी करील आणि त्या तरुणाच्या संमतीनेच घरच्यांशी बोलेल. आणि प्रत्येक सरकारी रुग्णालयात डिस्चार्जच्या आधी वैद्यकीय समाजसेवकाने एक प्रश्न विचारावा: आज रात्री कुठे झोपणार?

सुरुवात माहिती अधिकाराच्या अर्जाने करता येते. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. आपल्या वॉर्डात किती निवारे, किती खाटा, मागच्या वर्षी किती निधी आला आणि किती खर्च झाला, एवढेच विचारा. उत्तर हातात आले की महिला मंडळाने आणि तरुणांनी मिळून वॉर्ड ऑफिस गाठावे. मोर्चाइतकीच ताकद नेमक्या आकड्यात असते.

आज रात्री काय करता येईल?

मुलगी किंवा बाई असेल तर १८१ वर फोन करा. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा, वैद्यकीय आणि कायद्याची मदत मिळते. वय अठराच्या आत असेल तर १०९८. जिवाला धोका असेल तर ११२. जगण्यात अर्थ नाही असे कुणी बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका आणि १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर बोलणे करून द्या. मानसिक आजारामुळे भटकणारे, स्वतःला सांभाळू न शकणारे कुणी दिसले, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचे असते, कोठडीत ठेवायचे नसते. हे ठाण्यात ठामपणे सांगा.

दोन-तीन दिवसांचा उपाशी असेल तर एकदम भरपेट वाढू नका. थोडे थोडे, पातळ वरणभात, पाणी. पायाची जखम बघा, धनुर्वाताचे इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळते. कुत्रा चावला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लस त्याच दिवशी सुरू करा. तुंबलेल्या पाण्यातून चालला असेल तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवून लेप्टोची गोळी विचारा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. कागदपत्रांचे फोटो काढून आपल्या मोबाइलमध्येही जपून ठेवा.

आणि त्याला प्रश्न विचारताना क्रम पाळा. "जेवलास का?" आधी. "आज झोपायला जागा आहे का?" त्यानंतर. "घरातून का निघालास?" हा प्रश्न उद्या सकाळी विचारला तरी चालतो.